विमानानं वीस मिनिटं, एसटीनं विचारू नका

सगळ्यात आधी कामाचं सांगून टाकते. कराडहून सांगलीला विमान जात नाही. आज नाही, उद्याही जाईलसं दिसत नाही, आणि इंटरनेटवर कुणी काहीही लिहिलेलं असलं तरी नाही. कराडला धावपट्टी आहे. तिथून शिकाऊ मुलं विमानं उडवतात, गावावर दोन गिरक्या घालतात आणि परत तिथंच उतरतात. दुसरी धावपट्टी सांगलीच्या अलीकडे, माझ्या माहेराला लागून आहे. तिच्यावर शेरडं चरतात, फेब्रुवारीत शाळूची कणसं वाळतात, आणि ज्याला मोटारसायकल शिकायची असते तो तिथं जाऊन पडतो. पण एक वेबसाइट आहे. तिच्यात जगातले कुठलेही दोन विमानतळ टाका, ती अंतर सांगते आणि उड्डाणाला लागणारा वेळही सांगते. त्या दोघांमध्ये विमान आहे का, हे बघणं तिच्याकडे नाही. कराड ते सांगली म्हणे साधारण पासष्ट किलोमीटर आणि वीस मिनिटं.

या वीस मिनिटांनी माझा अख्खा रविवार खाल्ला. त्याचं हे प्रवासवर्णन. नेहमीसारखे हसरे फोटो यात नाहीत. मी चिडले आहे आणि लिहून होईपर्यंत चिडलेलीच राहणार आहे, तेव्हा ज्यांना फक्त निसर्ग हवाय त्यांनी मागचा कोयनानगरचा लेख वाचावा.

नवीन वाचकांसाठी ओळख. मी सुनीता. कराडात एका लॅबमध्ये रक्त काढते, सुट्टी मिळाली की एसटीनं हिंडते आणि इथं लिहिते. माझं सासर कराडच्या धावपट्टीशेजारी आणि माहेर सांगलीच्या. म्हणजे त्या वेबसाइटनं न विचारता माझं सासर ते माहेर अंतरच मोजून ठेवलंय. माहेरी आता एकटे आबा असतात, माझे वडील, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. आई गेली त्याला चार वर्षं झाली. धाकटा भाऊ धनंजय, आमचा धनू, कॅनडात असतो. आईच्या वर्षश्राद्धानंतर तो गावात आलेला नाही.

तर झालं असं. धनू ऑफिसच्या कामासाठी आठवडाभर पुण्यात आला होता. रविवारी गावाला येतो म्हणाला. आणि शुक्रवारी त्यानं घरच्या ग्रुपवर त्या वेबसाइटचा फोटो टाकला. खाली लिहिलं, "आबा, आपला एअरपोर्ट नकाशावर आलाय! कराडवरून फक्त वीस मिनिटं." शेवटी दोन हसरे चेहरे. कॅनडात राहिलं की अशी गंमत सुचते. आबांनी ते हसरे चेहरे सोडून बाकी सगळं वाचलं.

रविवारी सकाळी मी चहा गाळत होते. दोन गोष्टी लागोपाठ आल्या. आधी धनूचा मेसेज. "ताई, मीटिंग काल रात्रीपर्यंत वाढली, आज दुपारचीच फ्लाइट आहे. नाही जमत यायला. आबांना तू सांग ना प्लीज, मला सांगवत नाही." आणि तो वाचून व्हायच्या आत नामूतात्यांचा फोन. नामूतात्या म्हणजे आबांचे फौजेतले आणि गल्लीतलेही दोस्त.

"सुने, पट्टी झाडून व्हत आलीया. धनूचं इमान कवा येतंय?"

"कसली पट्टी, तात्या?"

"आपली इमानाची. पहाटंपास्नं लागलोय की समदं. तुझा बा हितंच हाय, त्येचा फोन घरी चार्जिंगला."

"तात्या, आबांना द्या जरा."

"त्यो पार त्या टोकाला हाय गं, झाडू घिऊन!" आणि फोन ठेवला.

आता तुम्हीच सांगा. कॅनडा ते पुणे जमलं, अर्धी पृथ्वी जमली, पुणे ते गाव जमलं नाही. आणि न येण्याची बातमी द्यायचं कामसुद्धा माझ्याच अंगावर. रक्त काढायची सवय असली म्हणून काय झालं, दर वेळी सुई मीच टोचायची का? नवरा म्हणाला, तात्यांना परत फोन लाव आणि सांगून टाक. पण सगळ्या गावाच्या देखत, तात्यांच्या तोंडून आबांना हे कळावं हे मला बघवलं नसतं. चहा तसाच ठेवला आणि स्टँड गाठला.

माहिती लिहून घ्या. कराडहून ताकारी, कुंडल, पलूस करत तासगाव, आणि तासगावला सांगलीची गाडी धरून फाट्यावर उतरायचं. बायकांना अर्धं तिकीट आहे, सुटे पैसे मात्र जवळ ठेवा. रेल्वे आहे, पण तिची वेळ आणि तुमची वेळ यांची सोयरीक जुळावी लागते. कराड स्टँडवर बायकांच्या मुतारीला कुलूप होतं. किल्ली कुणाकडे, तर ज्याच्याकडे आहे तो जेवायला गेलेला. सकाळी साडेआठला कोण जेवतं, हे मला अजून कळलेलं नाही. प्रवासाला निघताना पाणी कमी प्या असं बायका एकमेकींना सांगतात, त्याचं कारण हे कुलूप आहे.

गाडी निघाली आणि ताकारीच्या अलीकडेच उसाच्या ट्रॅक्टरच्या मागं अडकली. दोन ट्रॉल्या, वर उसाचा डोंगर, पुढं कानठळ्या बसवणारं गाणं. हंगाम आहे, रस्ता कारखान्याचा आहे, आपण नुसते पाहुणे. पुढं रस्ता एका बाजूनं उकरलेला. मागच्या खेपेलाही तो असाच उकरलेला होता आणि त्याच्या मागच्याही. मी खिडकीतून त्या खड्ड्याशी मनातल्या मनात भांडत होते. शेजारी कुंडलची एक मावशी बसली होती, मांडीवर पिशवी, पिशवीतून मेथीची जुडी बाहेर डोकावत होती.

"कुटं निघालीस गं?"

"माहेरी."

"काय कार्यक्रम हाय?"

"कार्यक्रम नाही. विमान येणार नाही, हे सांगायला चाललेय."

मावशीनं माझ्याकडं नीट बघितलं. मी खुळी नाही एवढी खात्री झाल्यावर म्हणाली, "नशीबवान हाय गड्या तुजं म्हायेर. आमच्या वाडीला दोन म्हैनं झालं यष्टी न्हाई. त्ये सांगाय कोन आलं न्हाई."

मला हसू फुटलं आणि मग हसले म्हणून आणखीनच राग आला. कुंडलला उतरताना तिनं मेथीची जुडी माझ्या मांडीवर टाकली आणि "बाला दे तुझ्या" म्हणून निघून गेली. नाव विचारायचं राहिलं.

तासगावला गाडी बदलताना पाऊण तास मोडला. या दिवसांत गेलात तर स्टँडबाहेर द्राक्षं घ्या. पेटीतली टपोरी नकोत, टोपलीत सुटे गळालेले मणी असतात ते घ्या, स्वस्त आणि जास्त गोड. मी पावशेर घेतले आणि रागारागात उभ्यानंच संपवले. तोवर धनूचे तीन मेसेज येऊन पडले होते. "सांगितलंस का?" "चिडले का?" "ताई?" मी उत्तर दिलं नाही. पासष्ट किलोमीटरचं अंतर मला अडीच-तीन तास घेत होतं आणि याला विमानतळावर वाट बघताना कंटाळा आला होता.

फाट्यापासून गाव वीस मिनिटं चालत. योगायोगानं तेवढीच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेड्या बाभळी वाढल्यात. साडीला, ओढणीला, हाताला त्या काहीतरी घेतल्याशिवाय सोडत नाहीत. लग्न झाल्यापासून मी या वाटेनं येतेय, महिन्यातून एकदा तरी, आणि दर खेपेला हातावर एक ओरखडा घेऊन घरात शिरते. या खेपेलाही उमटला. मी सरळ धावपट्टीकडं वळले.

आणि वाचकहो, जे बघितलं ते असं. मी लहानपणापासून ज्या पट्टीवर शेण, खडे, कडबा आणि काटे बघितले, ती कोऱ्या पाटीसारखी स्वच्छ. गावानं वाळत टाकलेला शाळू उचलून कडेला रचलेला. भेगांतलं गवत उपटलेलं. आणि पार दुसऱ्या टोकाला आठ म्हातारे हातात खराटे घेऊन एका ओळीत, खांद्याला खांदा लावून, मान खाली घालून चालत होते. सगळे पेन्शनर फौजी. मधोमध आबा. आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळं ओळ कशी धरायची हे कुणाला सांगावं लागत नाही.

ही ओळ मला माहीत होती. लहानपणी आबांनी शंभरदा सांगितलेली गोष्ट. लडाखकडच्या एका ठाण्यावर छोटी धावपट्टी होती. रोज सकाळी सगळे जवान असेच एका ओळीत चालायचे, खडा न खडा उचलायचे. मग विमान यायचं. त्यातून शिधा यायचा, घरची पत्रं यायची. झाडायचं राहिलं तर विमान डोक्यावर घिरट्या घालून परत जायचं, पत्रांसकट. आबा तिथं दोन हिवाळे होते. माझ्या जन्माची बातमी त्यांना त्याच विमानानं मिळाली होती.

पट्टीच्या मध्यावर पांढऱ्या कापडाचा एक मोठा 'टी' अंथरलेला होता, कडांवर दगड ठेवून. वरून वैमानिकाला दिसावं म्हणून फौजेत असं करतात. जवळ जाऊन बघितलं तर ती नामूतात्यांची दोन धोतरं होती.

"आली गं बाई सुनी!" तात्या लांबूनच ओरडले. "धनूचा फोन आला का? कराडास्नं सुटला का त्यो?"

तोवर ती ओळ टीपाशी येऊन थांबली. आबा खराटा टेकून उभे राहिले. मी तोंड उघडायच्या आधीच त्यांना कळलंय हे मला दिसत होतं, आणि तरी मला ते बोलावं लागलं, सगळ्यांसमोर.

"आबा, त्यो येत न्हाई. मीटिंग हाय म्हणं. आज दुपारच्या इमानानं परत निघालाय."

"येत न्हाई व्हय," आबा म्हणाले.

एवढंच. बाकीचे म्हातारे इकडं तिकडं बघायला लागले. एकानं उगीच वाकून खडा उचलला. तात्यांनी आपल्या धोतरावरचा दगड बाजूला केला, मग परत ठेवला. आणि मला ते सहन झालं नाही. सकाळपासूनचं सगळं वर आलं.

"आवं आबा, तुमास्नी येवढंबी कळत न्हाई? हितं कवा इमान आलंय? त्या पोरानं चेष्टा केली आन् तुमी आठ-आठ मानसं घिऊन झाडत बसलाय! समदं गाव हसंल!"

"कळतंय की," आबा शांतपणे म्हणाले. "इमान येत न्हाई हे कळतंय. पन झाडल्याबिगर येत न्हाई, ह्येबी कळतंय मला."

दुसरं कुणी असतं तर गप्प बसलं असतं. मी नाही बसले. मी फोन काढला, धनूला व्हिडिओ कॉल लावला. तो विमानतळावर होता, मागं काचा आणि झगमगाट. "बघ," म्हटलं, आणि कॅमेरा सगळ्या पट्टीवरून फिरवला. स्वच्छ डांबर. खराटे. आठ म्हातारे. धोतरांचा टी.

"हे तुझ्यासाठी झाडलंय. पहाटेपासून. वीस मिनिटं लागतात ना? ये."

तो म्हणाला, "ताई, प्लीज, कॅमेरा बाजूला कर." त्यानं मान फिरवली. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बरं वाटलं, हे खरं आहे ते लिहितेय.

फोन आबांसमोर धरला. त्यांनी तो हातात घेतला नाही. लांबूनच मोठ्यानं म्हणाले, "धना, जेवलास का? इमानातलं खाऊ नगंस, पोट बिघडतंय तुजं." झालं. जो आला नाही, त्याला जेवलास का. आणि जी तीन तास धक्के खात आली, हातावर काटा ओढून घेतला, तिला अजून कुणी पाणी विचारलं नव्हतं.

फोन बंद केला आणि मी विचारलंच. "आबा, मी दर म्हैन्याला येते. तुमच्या औषधाला येते, दिवाळीला येते, आजारपणाला येते. त्या फाट्याच्या वाटंवरच्या बाभळी किती वरसं वाढल्यात? माज्यासाठी कवा एक फांदी तरी तोडली का कुनी?"

तात्या म्हणाले, "सुने, असं न्हाई बोलू गं बाला."

पण आबांनी मात्र खरोखर विचार केला. माझ्याकडं बघितलं, माझ्या हाताकडं बघितलं. मग साध्या, भोळ्या आवाजात म्हणाले, "तू तर घरचीच न्हवं. घरच्यासाठी कुटं कोन झाडतंय?"

मला सांगा, याला अपमान म्हणायचं की मान? सासरी वीस वर्षांनंतरही भांडणात मी "तिकडची" होते. इथं मी "घरची" म्हणून मला वाट नाही, पाणी नाही. दोन्हीकडून माझंच नुकसान.

घरी गेलो. आबांनी पट्टीवर जायच्या आधीच मटण शिजवून ठेवलं होतं, फौजी पद्धतीचं, तिखट आणि भरपूर, पातेलंभर. आता खाणार कोण? आठही म्हातारे आणि मी पंगतीला बसलो. भाकरी आबांनीच थापल्या होत्या, कडा जाड आणि मध्ये करपलेल्या. मावशीची मेथीही तात्यांनी परतली. मी दोनदा रस्सा मागून घेतला, कारण रागात मला भूक जास्त लागते. जेवताना कुणी धनूचं नाव काढलं नाही. तात्यांनी आपली धोतरं घडी घालून शेजारी ठेवली होती. एकानं विचारलं, "आता शाळू परत पसरायचा का?" आबा म्हणाले, "उद्या. आजच्या दिस ऱ्हाऊ द्या तशीच."

दोन वाजता मी निघाले. आबा नेहमीसारखं म्हणाले, "आलीस काय आन् निगालीस काय. घटकाभर बसत न्हाईस." तासगावहून कराडची शेवटची थेट गाडी चुकली तर काय होतं, हे त्यांना ठाऊक नाही, आणि त्या दिवशी सांगायची माझी इच्छाही नव्हती. वाटेत एकदा मागं वळून बघितलं. स्वच्छ पट्टीवर एकटी शेळी मध्यभागी उभी होती, खायला काही नाही म्हणून गोंधळलेली.

परतीचं सविस्तर लिहीत नाही. तोच ट्रॅक्टर नसेल, पण गाणं तेच होतं. दिवे लागायच्या सुमारास कराडला पोचले. मुतारीचं कुलूप तसंच होतं.

घरी येऊन मी त्या वेबसाइटवर गेले. खाली "चूक कळवा" असा एक चौकोन आहे. त्यात मराठीत लिहिलं, "या दोन ठिकाणांमध्ये विमान नाही. कृपया लोकांना आशा लावू नका." लगेच आपोआप उत्तर आलं, इंग्रजीत, की तुमच्या सूचनेबद्दल आभारी आहोत. आकडे आजही तेच आहेत. धनूनं कॅनडातून मला एक लांबलचक माफीचा मेसेज पाठवलाय. तो मी अजून उघडलेला नाही. उघडेन कधीतरी. आधी त्यानं तो आबांना पाठवावा.

तर या सहलीतून काय उरलं, असं मला तुम्ही दर वेळी विचारता. हातावर ओरखडा उरला. जायचं असेल तर सकाळी लवकर निघा, पाणी कमी प्या, द्राक्षं सुटी घ्या, एवढंच सांगून मी हा लेख संपवणार होते. पण काल दुपारी लॅबमध्ये एका आजोबांची नस शोधत असताना आबांचा फोन आला. आबा स्वतःहून फोन करत नाहीत. मी सुई बाजूला ठेवली.

"सुने, कामात हायस का?"

"बोला, आबा."

"काय न्हाई. येक इचारायचं व्हतं." मग म्हणाले, "तुला यायला किती येळ लागतो गं?"

माझ्या लग्नाला वीस वर्षं झाली. विमानाला किती वेळ लागतो, हे त्यांनी गावभर सांगितलं होतं. मला किती लागतो, हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं.

"तीन तास, आबा. रस्ता उकरला असला तर साडेतीन."

"येवढा?" मागं कुणीतरी लाकूड तोडत होतं, कुऱ्हाडीचा आवाज येत होता. "आन् जायला?"

"जायलाबी तेवढाच."

"म्हंजे हितं बसतीस त्यापरीस जास्ती येळ तू यष्टीतच बसतीस."

"व्हय, आबा."

"लय झालं की गं ह्ये."

माझा राग अजून गेला नव्हता. मी तसंच म्हटलं, "व्हय. लय झालं." आणि तेवढ्यात तिकडून नामूतात्यांचा आवाज आला, लांबून, धाप लागलेला, "आबा, बाभळी फाट्यापातुर तोडायच्या का गावाकडच्याच?"